डब्यात पाच हजार असतील तरच माइक हातात घ्या

आमच्या गटाने पहिल्यांदा ८ मार्चचा मोठा कार्यक्रम केला तेव्हा सगळं जमून आलं होतं. समाजमंदिरात दोनशेच्या वर बाया, तालुक्याहून आलेल्या वकीलताई, फ्लेक्स, चहा-चिवडा. वकीलताईंनी कायदा छान समजावून सांगितला. शेवटी मी माइक घेतला आणि म्हटलं, "बायांनो, घरात मार खात बसू नका. आमच्याकडे या. आम्ही आहोत."

चौथ्या रात्री साडेअकराला माझं दार वाजलं. कडेवर लेकरू, पायात चप्पल नाही, डावा हात कोपरापासून सुजलेला. "ताई, तुम्ही या म्हटलं होतं ना," एवढंच ती बोलली.

आमच्याकडे तेव्हा कार्यक्रमातून उरलेले तीनशे चाळीस रुपये होते. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जायचे ऑटोवाला आठशे मागत होता. जिल्ह्याला बायांसाठी केंद्र असतं हे ऐकून होतो, पण त्याचा नंबर कुणाकडे नव्हता. उसने मिळेपर्यंत उजाडलं, आणि उजाडताच तिचा दीर दारात येऊन उभा राहिला. ती त्याच्या मागे गेली. नंतर आमच्या बैठकीला ती कधीच आली नाही.

म्हणून कामाचा क्रम आम्ही उलटा केला. आधी वाटा आणि माणसं, मग पैसा, आणि जागर सगळ्यात शेवटी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पाच-सहा गावांत आता याच क्रमाने काम चालतं. तुमच्या गावात बचत गट असेल, महिला मंडळ असेल किंवा नुसत्या चार धीट बाया असतील, तरी हे जमतं.

पहिलं काम: वाटा स्वतः चालून पाहा

दोघींनी मिळून एक दिवस तालुक्याला आणि एक दिवस जिल्ह्याला काढा. माहिती फोनवरही मिळते, पण चेहरा ओळखीचा असला की रात्रीचा फोन उचलला जातो.

सगळ्यात आधी संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि त्याचा सगळा भार या माणसावर आहे. बाईचं ऐकून घटनेचा अहवाल तयार करणं, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं, अर्जाला मदत करणं ही त्यांची कामं. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा की आपल्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण, कुठल्या वारी कुठे बसतात.

हा कायदा नीट समजून घ्या, कारण पुढे बायांना तोच सांगायचा आहे. यात फक्त मारहाण येत नाही. शिवीगाळ, पैशाची कोंडी, मजुरीचे पैसे हिसकावून घेणं, घराबाहेर काढणं हीसुद्धा हिंसाच. बाई राहत्या घरात राहण्याचा हक्क मागू शकते, खर्च मागू शकते, लेकरांचा ताबा मागू शकते. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला असंच हाकलता येत नाही. अर्ज सासरच्याच तालुक्यात करावा लागतो असंही नाही. ती माहेरी येऊन राहिली असेल तर तिथल्या न्यायालयात करता येतो. वणीची पोर दारव्ह्याला आणि दारव्ह्याची किनवटकडे दिली जाते अशा आपल्या मुलखात ही तरतूद फार मोलाची आहे. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत लागावी आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, आणि दर तारखेला बाईची मजुरी बुडते. हा खर्च पुढे यादीत घ्यायचा आहे.

दुसरी जागा सखी वन स्टॉप सेंटर. हे जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन यांची सोय एका छताखाली करायची आणि गरज पडली तर बाईला ५ दिवसांपर्यंत ठेवून घ्यायचं, अशी त्याची रचना आहे. त्याहून जास्त दिवस राहायचं असेल तर शक्ती सदनाची, म्हणजे बायांच्या सरकारी निवाऱ्याची, वाट ते दाखवतात. तिथे गेल्यावर नेमके प्रश्न विचारा. रात्री कोण असतं? लेकरं सोबत चालतात का, मोठा मुलगा असेल तर काय? कपडे आणि दूध तुम्ही देता की आम्ही आणायचं? बाई थेट आली तर घेता का? उत्तरं तिथल्या तिथे वहीत लिहा.

तिसरी जागा तालुका विधी सेवा समिती, तालुका न्यायालयाच्या आवारातच. बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, बाई असणं पुरेसं आहे. हे शिकल्यासवरल्या लोकांनाही माहीत नसतं आणि वकिलाच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण पडतं.

मग पोलीस स्टेशन आणि तिथला भरोसा सेल किंवा महिला कक्ष. मग सरकारी दवाखाना. मार लागलेल्या बाईची नोंद 'एमएलसी' म्हणून, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून, करून घ्यायची, पडून लागलं असं लिहू द्यायचं नाही, हे तिथल्या सिस्टरशी आधीच बोलून ठेवा.

नंबर पाठ करा, कागद प्रत्येक वेळी हाताशी नसतो: महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८, मुलांसाठी १०९८, मोफत कायदा सल्ला १५१००.

दुसरं काम: पैसा नेमका कशाला लागतो

लोक वर्गणी देताना पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि त्यांचं बरोबर आहे. "महिलांच्या मदतीसाठी" एवढं सांगून पैसा येत नाही, आला तरी टिकत नाही.

आम्ही पैशाचे तीन भाग केले आहेत. पहिला पहिल्या तीन दिवसांचा. रात्रीची गाडी, दवाखान्यातली बाहेरची औषधं, एक्स-रे, लेकराचं दूध, एक साडी आणि आतले कपडे, पॅड, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, कागदांच्या झेरॉक्स, सोबत जाणाऱ्या बाईचं तिकीट. आमच्या अंतरावर याला दोन ते अडीच हजार लागतात. एकाच आठवड्यात दोघी येऊ शकतात, म्हणून घरातल्या डब्यात ५,००० रुपये रोख कायम असतात. सुट्टे असतात, कारण रात्री पाचशेची नोट कुणी मोडून देत नाही. बँकेतले किंवा फोनमधले पैसे या कामाला धरू नका. वादळात टॉवर जातो आणि एटीएम तालुक्याला असतं.

दुसरा भाग पुढच्या तीन महिन्यांचा: तारखांना जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी, खोलीचं पहिलं भाडं, लेकराला नव्या शाळेत घालायचा खर्च. बायांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण कोर्टाचा दिवस म्हणजे तिची त्या दिवसाची वेचणीची मजुरी गेली. हे पैसे बँकेत ठेवा.

तिसरा भाग उभं राहण्याचा: शिलाई मशीन, दोन शेळ्या, पापड-शेवयांचं भांडवल. याला घाई करू नका, आणि यासाठी गटाचं कर्ज असतंच.

पहिल्या भागाचे पैसे कधीही उसने म्हणून द्यायचे नाहीत. एका बैठकीत आमच्यात यावर मोठं भांडण झालं, कारण "फुकट दिलं की सवय लागते" असं म्हणणाऱ्याही होत्या. पण मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईच्या डोक्यावर त्याच रात्री आपलंही कर्ज चढवायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही नाही.

तिसरं काम: पाच बाया आणि एक कुलूप

मोठी समिती नको. पाच जणी पुरेत, पण त्या वेगवेगळ्या वस्तीतल्या आणि वेगवेगळ्या समाजाच्या हव्यात. बौद्धवाड्यातली बाई पाटलांच्या आळीत रात्री जायला कचरते, आणि पाटलांची सून कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, जाणार नाही. आपल्या समाजातलीच बाई दाराशी असेल तर तिच्याकडे जाणं सोपं. कोलाम, गोंड वस्तीत त्यांचीच बोली बोलणारी बाई घ्या. लग्नाची नोंद किंवा मोठं लग्न झालं नसलं, नुसतं सोबत राहत असली, तरी कायदा अशा बाईलाही धरतो. हे त्या वस्त्यांत आवर्जून सांगा.

आशा ताई किंवा अंगणवाडी सेविका यात असली तर सोन्याहून पिवळं. त्या कुठल्याही घरात शिरल्या तरी कुणी विचारत नाही. पण संकटातल्या बाईचं नाव त्यांनी घरी नवऱ्यालाही सांगायचं नाही, ही अट त्यांनाही आहे.

डबा एकीकडे, किल्ली दुसरीकडे, दोघींची घरं हाकेच्या अंतरावर. बँकेत दोन सह्यांशिवाय पैसे निघायला नकोत. खर्चाच्या वहीत नाव लिहायचं नाही, अंक लिहायचा. नावांची यादी कुठेच ठेवायची नाही, फोनमध्येही नाही. गावात फोन हातोहात फिरतो.

निधीच्या नावाचाही विचार करा. 'पीडित महिला निधी' असं ठेवलं की त्यातून पैसे घेणारी प्रत्येक बाई गावात ओळखू येते. आमच्या निधीचं नाव 'माय-लेक निधी', आणि पावतीवर छापलं आहे: 'संकटातील महिला व मुलांना तातडीची मदत'. यातून आम्ही बाळंतपणाची अडचण, सर्पदंश, अचानक विधवा झालेली बाई, यांनाही थोडं-थोडं देतो. त्यामुळे देणाऱ्याशी खोटं बोलावं लागत नाही आणि घेणारीवर बोट दाखवता येत नाही.

चौथं काम: कागद

गटाच्या बायांनी आपसांत महिन्याला दहा-दहा रुपये टाकले तर तो गटाचा अंतर्गत मामला. ठराव घ्या, सह्या करा, झालं. पण गावभर पावती फाडून वर्गणी घेणार असाल आणि तुमची नोंदणीकृत संस्था नसेल, तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली गणेश मंडळं घेतात तीच ही परवानगी. तुमच्या गावच्या मंडळातल्या पोराने हा अर्ज केलेला असेल, त्यालाच बसवा.

याहून सोपी वाट म्हणजे आधीच असलेली चौकट वापरणं. उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातल्या ग्रामसंघाकडे अडचणीतल्या कुटुंबांसाठी जोखीम निधी असतो. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांचं लोकसंचालित साधन केंद्र असतं. तिथे ठराव करून आपला निधी वेगळ्या खात्यावर ठेवता आला तर लेखापरीक्षण आपोआप होतं.

क्यूआर कोड लावायचा असेल तर तो निधीच्या खात्याचाच लावा, कुणा अध्यक्षताईंच्या स्वतःच्या खात्याचा कधीही नाही. प्राप्तिकराची ८०-जी ची सवलत नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि २,००० च्या वर रोख दिली तर देणाऱ्याला ती मिळत नाही. गावचा मुलगा अमेरिकेत असेल आणि तिथला नागरिक झाला असेल तर त्याचे पैसे परकीय देणगी ठरतात. तशी परवानगी नसेल तर प्रेमाने नको म्हणा. त्याच्या इथल्या आईने स्वतःच्या पेन्शनमधून दिलेले घ्या.

पाचवं काम: पैसा उभा करणं

शहरात महिन्याच्या एक तारखेला पैसा येतो. आपल्याकडे तो पिकासोबत येतो. दिवाळीच्या आधी सोयाबीन, मग कापसाच्या वेचण्या, पूर्वेकडे धान, वरुड-मोर्शीकडे संत्रा, गडचिरोलीकडे मे महिन्यात तेंदूपत्ता. जून-जुलैत बियाण्याला पैसे नसतात तेव्हा दारात जाऊ नका. लोक नाही म्हणत नाहीत, पण तुम्ही दिसल्या की रस्ता बदलतात.

कायमचा आधार म्हणजे बायांचे दहा रुपये. आमच्या बारा गटांत १२० बाया आहेत. दहाप्रमाणे महिन्याचे १,२००, वर्षाचे १४,४००. रक्कम लहान आहे, पण डबा याच पैशावर चालतो, आणि दहा रुपये टाकणारी बाई उद्या स्वतः आली तर हात पसरून येत नाही. तिचा त्यात वाटा असतो.

मळणीनंतर धान्य मागा. घरटी एक पायली सोयाबीन, तूर किंवा धान. रोख मागितली की घरातल्या पुरुषाला विचारावं लागतं, पायलीभर धान्य घरची बाई स्वतःच्या हाताने देते. थोडं धान्य विकू नका, ठेवा. खोली घेऊन राहणाऱ्या बाईच्या पहिल्या महिन्याचं ते रेशन.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या मैत्रिणींकडे तर झाडीपट्टीचं नाटक आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, गावचं मंडळ तिकीट लावून रात्रभराचा प्रयोग करतं, आणि पाहुणे-राऊळे त्यासाठी गावाला येतात. मंडळाशी आधीच बोलून एका प्रयोगाचा नफा किंवा निदान चहा-भज्यांचा स्टॉल निधीसाठी मागा. अख्खा प्रयोग अंगावर घेऊ नका. कंपनीची रक्कम आधी ठरलेली असते, पाऊस आला किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक असलं तर तोटा तुमचा. स्टॉलमध्ये तोटा होत नाही.

ग्रामपंचायतीकडेही हक्काने जा. स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तिथे ठराव मांडा आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात आला की नाही ते पाहा. पंचायत रोख पैसा सहसा देऊ शकत नाही, तो मागतही बसू नका. रंगवलेल्या भिंतीवर हेल्पलाइनचे नंबर, बसथांब्याला दिवा, समाजमंदिरातली एक खोली आणि तिला आतून कडी, मुलींसाठी शिवणवर्ग, असं ठोस मागा.

आडते, जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, शिक्षक, बँकेतले, तलाठी यांच्याकडे वर्षातून एकदाच जा आणि वस्तू मागा. कापड दुकानदाराने सहा साड्या दिल्या, मेडिकलवाल्याने उधारीचं खातं दिलं, ऑटोवाल्याने रात्रीचा दर बांधून दिला, तर ते रोखीइतकंच आहे. आमचे दोन ऑटोवाले आज निधीचे सगळ्यात मोठे देणगीदार आहेत, आणि ते कुणाला काही सांगत नाहीत. वेकोलि, मॉइल यांसारख्या खाण कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशाच्या, मागे पहिल्या दोन-तीन वर्षांत लागू नका. त्यासाठी नोंदणी, ताळेबंद, प्रस्ताव लागतात, आणि त्या धावपळीत डब्याकडे दुर्लक्ष होतं.

आता पैसा जमवण्यातली आमची सगळ्यात मोठी चूक सांगते. एका वर्षी गणपतीत मी वर्गणी मागताना एका बाईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, गावही सांगितलं नाही. फक्त "तीन मुलींची आई, नवरा ट्रॅक्टर चालवतो" एवढंच बोलले. डबा त्या दिवशी भरला. पण आपल्या भागात एवढी खूण पुरे असते. संध्याकाळपर्यंत गोष्ट तिच्या नवऱ्यापर्यंत गेली, आणि त्या रात्री तिला काय भोगावं लागलं ते मी इथे लिहिणार नाही. तिने आम्हाला माफ केलं, मी स्वतःला केलेलं नाही. तेव्हापासून नियम पक्का आहे: कुठल्याही बाईच्या गोष्टीवर पैसा मागायचा नाही. नाव बदलून नाही, तिने हो म्हटलं तरी नाही. दुखावलेल्या माणसाचा होकार उपकाराच्या ओझ्याखालचा असू शकतो. फोटो नाही, व्हॉट्सअॅप स्टेटस नाही, साडी देतानाचं चित्र नाही. मागायचं असेल तर खर्चाची यादी वाचा. "रात्रीची गाडी, दवाखाना, दूध" एवढं ऐकून ज्याला द्यायचं तो देतो.

सहावं काम: जागर

डबा भरला, नंबर पाठ झाले, ऑटोवाला ठरला. आता बोला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. दहा घरांच्या ओळीत तीन घरं. आणि मार सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. बाकीच्या गप्प का, हे आपल्याला ठाऊक आहे. "कोन्या घरी नाही होत हे?" असं आपणच एकमेकींना म्हणतो. जागराचं काम हे वाक्य बायांच्या आणि पुरुषांच्याही तोंडातून काढायचं आहे.

त्यासाठी मंडप लागत नाही, आपल्याकडे जागा आधीच आहेत. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. त्या गाण्यांत सासुरवासच भरलेला आहे. पोरी गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात आणि घरी जातात. आम्ही खिरापतीनंतर दहा मिनिटं थांबवतो आणि विचारतो, "गाण्यातल्या त्या सुनेला आज कुठे जाता आलं असतं?" पोरी नंबर सांगतात, आणि मागे बसलेल्या आया ऐकतात. बोट दाखवायला कुणी नसतं, कारण बोलणं गाण्यातल्या सुनेचं असतं. आजवरचा आमचा सगळ्यात उपयोगी कार्यक्रम हाच.

नागपूरकडे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते आणि तिच्यातल्या बडग्यांवर, म्हणजे पुतळ्यांवर, गावाला नडणाऱ्या गोष्टी लिहितात. एखाद्या वर्षी 'बायकोवर उचललेला हात' हा बडग्या काढायला मंडळाच्या पोरांना सांगा. पोरांनी स्वतः लिहिला तर त्याचं मोल आपल्या दहा भाषणांहून जास्त.

पुरुषांशी बोलायला पुरुषच हवा. आमच्याकडे तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होते. तिथल्या एका भजनी काकाजींना आम्ही तीनदा जाऊन भेटलो. आता ते प्रार्थनेनंतर महिन्यातून एकदा या विषयावर बोलतात. संत गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढत, काकाजींची तऱ्हाही तीच. "शेजारच्या घरी आग लागली तर त्यांच्या घरचा मामला म्हणून झोपाल का?" असं ते विचारतात. मग सांगतात की या कायद्याखाली शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देता येते, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीसाठी त्याच्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. हा एक मुद्दा पुरुषांच्या सभेत फार काम करतो, कारण त्यांना भीती कोर्टाच्या फेऱ्यांची असते.

पुरुषांना दुसरं काम शिकवा ते दार वाजवण्याचं. मारहाणीचा आवाज आला की आत शिरायचं नाही, भांडायचं नाही. दोघा-तिघांनी दारात जायचं आणि काहीतरी मागायचं: टॉर्च, विरजण, उद्याच्या ट्रॅक्टरची वेळ. उगारलेला हात तेवढ्यात खाली येतो. आत शस्त्र असेल, आरडाओरडा वाढत असेल तर लांबूनच ११२ लावायचा.

दारूबद्दल एक शब्द. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती आणण्यात बायांनी जे कष्ट घेतले त्याचा मला अभिमान आहे. तरी "दारूमुळे मारतो" हे वाक्य पूर्ण मानू नका. तोच माणूस दारू पिऊन सरपंचाला मारत नाही. न पिणाऱ्या घरांतही बाया सोसतात, आणि जागर फक्त दारूवर ठेवला तर त्या बायांना वाटतं हे आपल्यासाठी नाही.

नंबरचे कागद चौकात लावाच, पण बाई जिथे एकटी असते तिथे जास्त लावा: प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बायांच्या संडासाच्या दारामागे, लसीकरणाच्या खोलीत, पिठाच्या गिरणीवर. हातात कागद देऊ नका, तो घरी सापडतो. फोनमध्ये आपला नंबर 'शिलाई ताई' किंवा 'बियाणे' अशा नावाने सेव्ह करून द्या.

रात्र येते तेव्हा

आधी बसवा, पाणी द्या, लेकराला खाऊ घाला. "काहून आली, काय केलं तू?" हा प्रश्न कुणीही विचारायचा नाही. डोक्याला, पोटाला मार असेल, ती गरोदर असेल, तर थेट दवाखाना, १०८. तिने "औषध पिऊन टाकते" म्हटलं तर ते रागाचं बोलणं समजू नका. आपल्याकडे कापसाच्या फवारणीचं औषध प्रत्येक घरात असतं. तिला एकटी सोडू नका, आणि मनाच्या आधारासाठी १४४१६ हा मोफत नंबर आहे.

मग तिलाच विचारा तिला काय हवं. पोलिसात जायचं, माहेरी जायचं, की आजची रात्र फक्त झोपायचं. ती सकाळी परत सासरी जाते म्हणाली तर रागावू नका, पैसे परत मागू नका. ती पुन्हा येईल, पण आपण तोंड वाकडं केलं नसेल तरच. जाताना तिच्या कागदांच्या झेरॉक्स डब्यात ठेवायला मागा: आधार, रेशनकार्ड, पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, लग्नाचा एखादा फोटो. पुढच्या वेळी ती रिकाम्या हाताने निघाली तरी कागद आपल्याकडे असतील.

नवरा, दीर, गावचे चार लोक दारात आले तर "इथे कुणी नाही" किंवा "आहे" यातलं काहीच बोलायचं नाही. दार लावून ११२. तंटामुक्त समितीने बसवून समेट करू म्हटलं तर ती बाई समोर नसताना हो म्हणू नका. समिती मनाने चांगली असते, पण तिला तंटा मिटवायचा असतो, आणि तंटा मिटवायची सगळ्यात सोपी वाट म्हणजे बाईला परत पाठवणं.

हिशेब

वर्षातून दोनदा ग्रामसभेत हिशेब वाचा, साधारण १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या. जमा किती, खर्च किती, कशावर: गाडी, औषध, भाडं, कपडे. किती जणींना, हे सांगू नका. लहान गावात दोन म्हटलं की लोक त्या दोघी कोण ते शोधायला लागतात. आम्ही एकूण रक्कम वाचतो आणि पावत्यांची फाइल पाहायला ठेवतो, गाडीच्या पावतीवर फक्त तारीख आणि किलोमीटर. कुणी खोदून विचारलंच तर आमच्या अध्यक्षा उठतात आणि सांगतात, "नाव सांगायची आमची पद्धत नाही. तुमच्या लेकीवर वेळ आली तर तिचंही सांगणार नाही." त्या दिवशी सभा संपल्यावर बहुतेक वेळा कुणीतरी शंभराची नोट आणून देतं.

डब्यातून पैसे निघाले की पुढच्या बैठकीआधी ते परत ५,००० झाले पाहिजेत, हे बघणं किल्लीवालीचं काम. मागच्या पोळ्याला डबा बाराशेवर आला होता. त्या आठवड्यात आम्ही ठरलेला जागर पुढे ढकलला, आधी दोन आळ्यांत टोपलं फिरवलं, आणि रक्कम पुरी झाल्यावरच माइक लावला.